पन्नास लिटरांचा हिशेब

पन्नास लिटर पाण्यात किती मासे ठेवावेत, या एका प्रश्नाने सावेडीतील आमचे घर गेले काही महिने व्यापले आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक आहे, हे आम्हांलाही कळते. दोघेही मराठीचे प्राध्यापक. अभ्यासक्रम, उत्तरपत्रिका, निवडणुकीची कामे यांतून उरलेल्या वेळात अमोनियाचा विचार करीत बसावे, हे आमच्या विद्याशाखेला शोभणारे नाही. पण एका प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरे मिळावीत आणि चारही उत्तरे देणारे आपापल्या जागी निःशंक असावेत, असे झाले की साहित्याच्या माणसाला तो प्रश्न आपलाच वाटू लागतो.

वास्तविक टाकी हवी, असा हट्ट आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. घर बदलणाऱ्या एका सहकाऱ्याने ती देऊ केली आणि आम्ही नाही म्हटले नाही, याचे कारण आई. (एकाची जन्मदात्री, दुसरीची सासू, एकाच्या तोंडी ‘आई म्हणाली’ आणि दुसरीच्या तोंडी ‘आई म्हणाल्या’. लेखात दुसरे रूप घेतो, ते अधिक सभ्य दिसते.) दोन वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यातले घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या. सकाळी साडेसातला आम्ही दोघे बाहेर पडतो ते दुपारी तीनच्या पुढे परततो. ज्या बाईने पन्नास वर्षे पहाटे उठून गोठ्यात पाऊल टाकले, तिच्यासमोर दुपारभर एक बंद दरवाजा, एक दूरदर्शनसंच आणि गॅलरीतल्या तुळशीची कुंडी. घरात काहीतरी हलणारे, जगणारे असावे एवढाच विचार त्यामागे होता.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. कोरडी मोजली तर सत्तर लिटरांची भरते. पण तळाशी दोन इंच वाळू, वर दोन इंच मोकळी जागा, चार दगड, काचेची जाडी असे सगळे वजा जाता प्रत्यक्षात पाणी पन्नास लिटर. पुस्तकाची पृष्ठसंख्या सांगताना प्रस्तावना आणि परिशिष्टे धरायची की नाहीत, तसाच हा प्रकार.

पहिले उत्तर दुकानात मिळाले. दुकानदार म्हणाला, ‘‘चाळीस आरामात बसतील, सर.’’ या ‘बसतील’ने आमचे लक्ष वेधले. मराठीत बसणे हे क्रियापद फार उदार आहे. टमटममध्ये चौदा माणसे बसतात, साठ आसनांच्या वर्गात शंभर विद्यार्थी बसतात, दिवाळी अंकाच्या एका पानात दोन कविता आणि एक जाहिरात बसते. बसणाऱ्याला कसे वाटते हे त्या क्रियापदात कुठेच येत नाही. जागा देणाऱ्याची सोय तेवढी येते. मासा तर मुळात बसत नाही. त्याला पाण्यात हिंडावे लागते आणि त्याच पाण्यातून श्वास घ्यावा लागतो. शिवाय उत्सर्जनही त्याच पाण्यात. एकच खोली अंगण, स्वयंपाकघर आणि मोरी अशा तिन्ही कामांना वापरणाऱ्या कुटुंबाची कल्पना करावी.

दुसरे उत्तर हौशी मंडळींच्या जुन्या नियमाचे: एका गॅलनला एक इंच मासा. नियम सुटसुटीत आहे, मात्र गॅलन दोन आहेत. इंग्रजी गॅलन साडेचार लिटरांहून किंचित मोठा, अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरांहून किंचित मोठा. पहिल्याने आमच्या टाकीत अकरा इंच मासे येतात, दुसऱ्याने तेरा. या दोन इंचांत एक अख्खा मासा राहू शकतो किंवा राहू शकत नाही, आणि ते कोणत्या देशाचे माप आपण डोक्यात धरले आहे यावर ठरते. तिसरा नियम पाण्याच्या खोलीकडे बघतच नाही. प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, म्हणून पृष्ठभाग मोजा, आणि दर बारा चौरस इंचांना एक इंच मासा धरा, असे तो सांगतो. त्याप्रमाणे आम्ही चोवीस इंच मासे ठेवू शकतो. तर्क म्हणून हाच नियम आम्हांला अधिक पटला. उंच, निमुळत्या काचपात्रात मासा का कोमेजतो हे त्यावरून कळते. गोल बरणीतला गोल्डफिश ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

पण इंच हेच मुळी माशाचे माप नव्हे. मासा दुप्पट लांब झाला की वजनाने जवळजवळ आठपट होतो, कारण तो रुंदीने आणि जाडीनेही वाढतो. सहा इंचांचा एक गोल्डफिश आणि एकेक इंचाचे सहा टेट्रा हे इंचांच्या वहीत सारखे दिसतात. वजनात तो एकटा त्या सहांच्या छत्तीसपट भरेल. अर्थात खाणे आणि घाण यांचेही प्रमाण त्याच अंगाने जाते. शिवाय दुकानात जो मासा दोन इंचांचा असतो तो दोनच इंचांचा राहत नाही.

इथे शतपथब्राह्मणातील मनूची कथा आठवल्याखेरीज राहत नाही. सकाळी हात धुण्यासाठी घेतलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक इवलासा मासा आला. तो म्हणाला, माझे रक्षण कर, मी तुझे करीन. आम्ही लहान असतो तोवर मासेच माशांना गिळतात. मनूने त्याला घड्यात ठेवले. घडा पुरेना, तेव्हा खड्ड्यात. खड्डा पुरेना, तेव्हा समुद्रात. प्रलय, नौका आणि शृंग हा कथेचा उत्तरार्ध सर्वांच्या लक्षात राहतो. आम्ही वर्गातही तोच शिकवीत आलो. पूर्वार्धात मात्र मत्स्यपालनाचे सगळे प्रश्न येऊन गेले आहेत: मासा वाढतो, भांडे वाढत नाही, आणि मोठ्याबरोबर लहान ठेवला तर लहान उरत नाही. मनूजवळ समुद्र होता, ही त्याची सोय. आमच्या जवळपास मुळा धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असे नाव आहे आणि त्याची साठवणक्षमता सव्वीस टीएमसी आहे. पण परदेशी मासा वाढला म्हणून नेऊन सोडावा, अशी ती जागा नव्हे. एकूण गोल्डफिश बाद झाला.

चौथे उत्तर सर्वांत जुने आणि सर्वांत कंजूष. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे बारा गॅलनांच्या काचपात्रात, म्हणजे धारणेने आमच्या टाकीच्याच जातीच्या भांड्यात, त्याने वाळू आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. त्या काळी हवेचा पंप नव्हता. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, अशी मूळ कल्पना. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. पुढच्या काही वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उभे राहिले (१८५३), फिलिप हेन्री गॉस यांचे पुस्तक आले (१८५४), आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाट आली. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१चे. आम्हांला मोह पडला तो वॉरिंग्टनच्या संख्येचा. दोन मासे, एक झाड, आणि उरलेल्याची विल्हेवाट लावणारा एक तिसरा. ज्याने हा हिशेब प्रथम मांडला त्याने बारा गॅलनांना दोन धरले, आणि पावणेदोनशे वर्षांनी दुकानदार त्याच भांड्यात चाळीस बसवतो.

संतांच्या अभंगांतील मासोळी आम्ही वर्षानुवर्षे शिकवली. ती पाण्यावाचून तळमळते. तिचे दुःख विरहाचे. काचेच्या टाकीतला मासा पाण्यातच गुदमरतो, हे दुःख त्या प्रतिमासृष्टीच्या बाहेरचे आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. मोठ्या नदीत तो कुठल्या कुठे विरून जातो. टाकीत तो साचतो आणि कल्ले जाळतो. वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच सौम्य. हे जीवाणू विकत आणलेल्या पाण्यात नसतात. ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टाकीत किती मासे राहतील याचे खरे उत्तर पाण्याच्या लिटरांत शोधून उपयोग नाही. ते त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तीच्या आकारावर आहे.

म्हणून महिनाभर आमची टाकी मासे नसलेलीच चालू होती. पाणी फिरत होते, दिवा लागत होता, तळाशी चिमूटभर खाद्य कुजत होते. शेजारपाजारचे येऊन बघून जात. ‘‘मासे गेले का?’’ असे एकीने हळहळून विचारले. आई रोज दुपारी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. आम्ही त्यांना जीवाणूंचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजी विरजण.’’ प्राणिशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्याने याला मान्यता दिली.

विरजणानंतर पाणी. जीवाणूंनी केलेले नायट्रेट शेवटी टाकीतच राहते. काही वनस्पती शोषतात, उरलेले आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलूनच काढावे लागते. आमच्या हिशेबाने बारा-तेरा लिटर, म्हणजे एक बादली. एक बादली म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित कळणार नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ते मुळा धरणावरून विळदमार्गे उपसून येते, आणि वाटेत कुठे वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की ठरलेला दिवसही टळतो. आलेले पाणी लगेच टाकीत ओतता येत नाही. त्यातला क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवावे लागते. म्हणजे घरात एक बादली कायम माशांची. आमच्या शहराला पाणी लांबून आणण्याची परंपरा मोठी आहे. निजामशाहीत आसपासच्या गावांतून खापरी नळांनी शहरात पाणी आणलेले होते, आणि सोळाव्या शतकातला फराहबाग महाल तर एका विस्तीर्ण चौकोनी तलावाच्या मध्यभागी बांधलेला होता. महाल अजून उभा आहे, आणि तलाव एरवी कोरडा असतो. बांधणारे मोठे होते. रोज पाणी आणणारे कधीतरी थांबले.

आम्ही आमच्या वहीत चाळीस, चोवीस, तेरा, अकरा आणि दोन असे पाच आकडे लिहून त्यांवर चर्चा करीत असताना आई पोथी मिटून म्हणाल्या, ‘‘किती बसतील ते नका इचारू. वैशाखात किती जगतील ते इचारा.’’

हे वाक्य त्या माशांविषयी बोलत नव्हत्या. त्यांच्या सासरी दावणीला किती जनावरे बांधायची हे श्रावणातल्या गवतावरून कोणी ठरवत नसे. श्रावणात सगळेच श्रीमंत. सुगी झाली, कडब्याची गंज रचून झाली की घरातला वडीलधारा माणूस तिच्याभोवती एक फेरी मारी, आणि वैशाख संपून पाऊस पडेतो किती पेंढ्या रोज निघतील याचा अंदाज बांधी. त्या अंदाजात जेवढी बसत तेवढी दावणीला; उरलेले बाजारात, तेही दर बरा असेतो. १९७२मध्ये हा हिशेब चुकला, कारण गंज रचायला कडबाच नव्हता. आई तेव्हा नव्या नवऱ्या. दोन बैलजोड्या, दोन गाई आणि एक म्हैस असे ते गोकुळ होते. एक जोडी आणि म्हैस कवडीमोलाने गेली, आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. विकली ती तरी कुठे जगली असतील, असे त्या अजून म्हणतात. राहिलेल्यांचे त्या सांगत नाहीत. २०१८-१९च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या गेल्या तेव्हा दिरांची दोन जनावरे छावणीत होती. त्या वेळी आई एकदा तिथे जाऊन आल्या आणि दोन दिवस कमी बोलल्या.

तर, वैशाखात किती? हा प्रश्न आम्ही पाण्याला लावून पाहिला आणि थक्क झालो. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना एका लिटरात सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. शिवाय नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांवर, तेव्हा त्याहूनही थोडा कमी. आणि नेमके त्याच वेळी माशाचे शरीर उष्णतेने जलद चालते, त्याला प्राणवायू अधिक लागतो. अमोनियाही उष्ण पाण्यात अधिक जहरी होतो. कडबा संपतो तेव्हाच जनावराला तो जास्त लागतो, असे म्हणा ना. त्यात मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, वाऱ्याने तारा तुटतात आणि वीज जाते. २००५नंतरच्या भारनियमनाइतके ते नियमित नाही; पण दुपारी दोनला गेलेली वीज रात्री दहाला येणे अजून घडते. पंप बंद, गाळणी बंद. स्पंजातल्या जीवाणूंनाही प्राणवायू लागतोच, तेही गुदमरू लागतात. बॅटरीवरचा पंप आम्ही आणून ठेवला आहे. पण आम्ही दोघे परीक्षेच्या कामात असू आणि घरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई एकटी असेल, त्या दिवशी तो लागला नाही तरी सगळे जगले पाहिजेत. या कसोटीवर चोवीस पडला. तेरा डळमळला.

वरची मर्यादा अशी ठरली, खालची राहिली. वॉरिंग्टनचे दोन आम्हांला मनापासून आवडत होते, परंतु कमी मासे म्हणजे अधिक सुख असे सरळ गणित नाही. थव्याने राहणारा मासा एकटा-दुकटा ठेवला तर भेदरतो, कोपरा धरतो, नाहीतर दुसऱ्याचे पर कुरतडतो. त्याला निदान सहा सोबती लागतात, असे मानले जाते. गप्पी मासा कोणालाही आधी सुचतो. सरकारी आरोग्य विभागाने डासांसाठी तो गावोगावच्या हौदांत सोडला आहे, तो काटक आहे आणि फुकट मिळतो. पण गप्पीची मादी साधारण महिन्याने पिल्ले घालते, एका वेळी वीस, तीस, कधी अधिक. आणि नराशी एकदा संग झाला की पुढची कित्येक बाळंतपणे त्याच्याविना होतात. गप्पीच्या बाबतीत आपण काही ठरवतो हा भ्रम आहे.

शेवटी निवड झाली ती झेब्रा डॅनिओ आणि हनी गुरामी यांची. डॅनिओ गंगेच्या खोऱ्यातला, दीड इंचाचा, अंगावर निळे पट्टे ओढलेला; जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरतात तो हाच. थंडी-उकाडा दोन्ही सोसतो. गुरामी ईशान्येकडचा, दोन इंचांचा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वळणावळणाचा अवयव असतो आणि त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन सरळ हवेचा घोट घेऊ शकतो. वीज गेली तर निदान एक जण तरी आपले आपण बघून घेईल, असे आईंनी त्यावर म्हटले. सहा डॅनिओ आणि एक गुरामी, एकूण अकरा इंच. इंग्रजी गॅलनशी हे तंतोतंत जुळले हा योगायोग. ठरवले ते वैशाखाने.

खाद्याचा प्रश्न याहून नाजूक होता. टाकीतले मासे उपासमारीने क्वचितच मरतात. ते मायेने मरतात. न खाल्लेले खाद्य कुजते आणि पुन्हा अमोनिया. जिने आयुष्यभर ताटात एक पोळी जास्तच वाढली त्या बाईला दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट घाला असे सांगणे आम्हांला जमेना. तो विषय तिनेच मिटवला. डबी आपल्या देवघराशेजारी ठेवून घेतली, पूजेनंतर एकदाच, डाव्या हाताच्या चिमटीने घालायचे असे स्वतःच ठरवले (उजव्या हाताला सवय वाईट, म्हणे), आणि एकादशीला माशांनाही उपवास. अधूनमधून एक दिवस खाद्य न घालणे माशांना हितकरच असते, हे आम्ही तोवर वाचलेले होते. आईंनी ते विचारले नव्हते.

पिशवी घरी आली त्या संध्याकाळी त्यांनी ती ट्यूबलाइटकडे धरून दोनदा मोजली. गुरामी वेगळा होता, एक. डॅनिओ सात निघाले. दुकानदाराने, आंब्याच्या डझनावर एखादा घालावा तसा, एक वर घातला होता. आम्ही म्हटले, साडेबारा इंच होतात. अमेरिकन गॅलनच्या हिशेबात बसतो. आईंनी पिशवी खाली ठेवली आणि आमच्याकडे नुसते पाहिले. वर घातलेला कोणता, हे त्या साती सारख्या माशांत ओळखण्याची सोय नव्हती. जाळीत जो आधी आला त्याला आम्ही टाकीच्या पाण्यासह पुन्हा पिशवीत घेतले, आणि दुकान बंद होण्याआधी पोचावे म्हणून गुलमोहर रस्त्याने गाडी काढली.